सरकारी कार्यालयातली स्वतःची फाइल ऑनलाइन कशी मागवायची: मुंबईकरांसाठी पहिल्यापासून

पीएफचा दावा ‘माहिती जुळत नाही’ म्हणून परत येतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या यादीत नावापुढे ‘अपात्र’ असा शेरा लागतो. पासपोर्टचा अर्ज पोलीस पडताळणीवर अडकून बसतो. खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळतं, ‘वरून तसं आलंय.’ अशा प्रत्येक वेळी निर्णय कुठल्या तरी कागदावर झालेला असतो, त्यावर कुणाची तरी सही असते, आणि तो कागद तुमच्याबद्दलचा असतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ म्हणजेच आरटीआय कायद्यामुळे तो पाहायचा आणि त्याची प्रत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे. त्यासाठी वकील लागत नाही, ओळख लागत नाही, एजंट तर नाहीच नाही. दहा रुपये आणि नीट लिहिलेला अर्ज पुरतो. त्यातलं अवघड काम म्हणजे अर्ज नीट लिहिणं, म्हणून या लेखाचा बराचसा भाग त्यालाच दिला आहे.

आधी पाहा: आरटीआय लागतोच का?

बऱ्याच नोंदी आता अर्ज न करताच मिळतात. पीएफचं पासबुक ईपीएफओच्या संकेतस्थळावर यूएएन म्हणजे पीएफ सदस्याचा क्रमांक टाकून दिसतं. आयकर खात्याकडे तुमच्या नावावर कोणते व्यवहार नोंदले गेलेत, ते ई-फायलिंगच्या खात्यात ‘वार्षिक माहिती विवरणा’त सापडतं. आधार कधी आणि कुठे वापरलं गेलं याची मागच्या सहा महिन्यांची नोंद माय-आधारवर आहे. घराच्या नोंदणीकृत कराराची सूची क्रमांक २ म्हणजे ‘इंडेक्स टू’ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये शोधता येते. गावाकडच्या जमिनीचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत उतरवता येतो. तुम्ही स्वतः फिर्यादी असाल तर एफआयआरची प्रत पोलिसांनी तुम्हाला विनामूल्य द्यायलाच हवी, तिच्यासाठी आरटीआय करायची गरज नाही. उत्पन्नाचा, अधिवासाचा असे दाखले ‘आपले सरकार’वर मिळतात, तो लोकसेवा हक्काचा वेगळा मार्ग आहे.

आरटीआयची वेळ येते ती या सगळ्याच्या मागचा कागद हवा असतो तेव्हा. म्हणजे तुमच्या अर्जावर कुणी काय शेरा मारला, कोणत्या अहवालावरून तो नाकारला, तुम्ही दिलेल्या कागदांपैकी कोणते फाइलला लागले आणि कोणते लागलेच नाहीत. सरकारी भाषेत फाइलला नस्ती आणि तिच्यात लिहिलेल्या शेऱ्यांना टिपणी म्हणतात. हे दोन शब्द लक्षात ठेवा, अर्जात हेच लिहायचे आहेत.

पहिली पायरी: फाइल कोणत्या टेबलावर आहे ते शोधा

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त अडतात, कारण मुंबईत एकाच कामात केंद्र, राज्य आणि महापालिका असे तिघे गुंतलेले असतात. पासपोर्टचंच पाहा. अर्ज जातो प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडे, ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या म्हणजे केंद्राच्या अखत्यारीत येतं. पण पडताळणी करतात मुंबई पोलीस, ते राज्याचे. अर्ज पोलिसांकडे गेला कधी आणि परत आला कधी, हे पासपोर्ट कार्यालयाला विचारायचं. पोलीस ठाण्यात तो किती दिवस आणि कुणाकडे होता, हे पोलिसांना विचारायचं. हे दोन वेगळे अर्ज झाले, आणि ते दोन वेगळ्या पोर्टलवर करायचे.

पोर्टल दोन आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी ‘आरटीआयऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन’. ईपीएफओ, आयकर, पासपोर्ट, टपाल, मध्य आणि पश्चिम रेल्वे ही सगळी मंडळी इथे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी ‘आरटीआयऑनलाइन डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’. नावं जवळपास सारखी असल्यामुळे घोटाळा होतो. शिवाय सरकारी वाटावं अशा नावांच्या खासगी साइट शोधात वर येतात आणि भरमसाट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे ना, एवढं पाहूनच पुढे जा.

राज्याच्या पोर्टलवर आधी विभाग आणि मग कार्यालय निवडायची यादी येते. तुमचं कार्यालय त्या यादीत असेल तर उत्तम. नसेल तर जवळचं वाटतं म्हणून दुसरं कुठलं तरी निवडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तो कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घ्या, नाहीतर रजिस्टर पोस्टाने पाठवा. हक्क तोच राहतो आणि मुदतही तीच.

कार्यालय चुकलंच तर कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अधिकाऱ्याने पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात हे नेहमी वेळेत होत नाही. त्यामुळे आधी अर्धा तास शोधण्यात घालवलेला बरा. प्रत्येक कार्यालयाच्या संकेतस्थळावर जन माहिती अधिकारी (अर्जाला उत्तर देणारे) आणि प्रथम अपिलीय अधिकारी (पहिलं अपील ऐकणारे) यांची यादी असायला हवी, ती उघडा. तुम्हाला आलेल्या जुन्या पत्राच्या वरच्या कोपऱ्यातला जावक क्रमांकही उपयोगी पडतो, कारण पत्र कोणत्या शाखेतून निघालं हे बहुतेक वेळा त्या क्रमांकातच लिहिलेलं असतं.

दुसरी पायरी: प्रश्न विचारू नका, कागद मागा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. ‘मला अपात्र का ठरवलं?’ या प्रश्नाचं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कार्यालयात जे कागद आहेत ते द्यायचे, नवीन माहिती तयार करायची नाही आणि मतही द्यायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय खटल्यात स्पष्ट केलंय. याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्कही दिला. म्हणजे दार उघडं आहे, फक्त आत शिरायची रीत ठरलेली आहे. ‘का’ विचारलंत तर ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येईल. ‘अपात्र ठरवतानाच्या छाननी टिपणीची प्रत द्या’ असं लिहिलंत तर टाळायला जागा उरत नाही.

उदाहरण म्हणून झोपडपट्टी पुनर्वसनाचं परिशिष्ट-२ घेऊ, म्हणजे कोण पात्र आणि कोण अपात्र याची यादी. या एका यादीवर मुंबईतल्या कितीतरी कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून असतं. ही यादी कोण तयार करतं, हे जमीन कुणाची आहे यावर ठरतं. महापालिकेची जमीन असेल तर वॉर्ड ऑफिस, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर उपजिल्हाधिकारी (अतिक्रमण), म्हाडाची असेल तर म्हाडाचे सक्षम प्राधिकारी. म्हणून वांद्र्याच्या एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज टाकण्याआधी जमिनीचा मालक कोण ते मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) पाहून घ्या. मग अर्ज साधारण असा लिहा:

विषय: परिशिष्ट-२ मधील माझ्या स्वतःच्या पात्रतेसंबंधीचे अभिलेख मिळणेबाबत.

मी नगर भूमापन क्र. ……, गाव ……, ता. …… येथील झोपडी क्र. …… मध्ये राहते. दि. …… रोजी प्रसिद्ध झालेल्या परिशिष्ट-२ मध्ये अ.क्र. …… वर माझ्या नावासमोर ‘अपात्र’ असा शेरा आहे. कृपया पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात.
१) माझ्या झोपडीच्या सर्वेक्षणाची व स्थळपाहणीची नोंद.
२) माझ्या नावे नस्तीत दाखल असलेली सर्व कागदपत्रे.
३) माझ्या पात्रतेची छाननी करताना लिहिलेल्या टिपण्या व अपात्रतेचा आदेश.
४) परिशिष्ट-२ मधील फक्त माझ्या अनुक्रमांकाचा उतारा.
माहितीचा कालावधी: दि. …… ते अर्जाचा दिनांक.
प्रती घेण्याआधी मला नस्तीची पाहणी करू द्यावी. ओळखीचा मूळ पुरावा घेऊन मी हजर राहीन.

या अर्जातल्या काही ओळी मुद्दाम तशा लिहिल्या आहेत. ‘माझ्या स्वतःच्या’ हे शब्द विषयातच आलेत, कारण दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारायला कलम ८(१)(जे) आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलम आणखी कडक केलंय. तुम्ही स्वतःचीच माहिती मागताय हे अधिकाऱ्याला पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे. ‘फक्त माझ्या अनुक्रमांकाचा उतारा’ हेही त्याच कारणासाठी. अख्खी यादी मागितलीत तर शेजाऱ्यांच्या नावांवरून अडवणूक होते. तुमच्या कागदात इतरांची नावं आलीच, तर कलम १० प्रमाणे तेवढा मजकूर झाकून बाकीचा देता येतो, पूर्ण कागद रोखून धरायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट शब्दमर्यादेची. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत हवा. वरचा नमुना रिकाम्या जागा भरल्यावरही त्यात बसतो. तुमची सगळी कैफियत, किती चकरा मारल्या, कोण काय बोललं, हे इथे लिहायचं नाही. मनात कितीही साचलेलं असलं तरी त्याची जागा अपिलात आहे. केंद्राच्या पोर्टलवर ३००० अक्षरांची मर्यादा आहे, त्याहून जास्त असेल तर मजकूर पीडीएफ करून जोडता येतो. त्या पीडीएफच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर ती चढत नाही.

माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. कुणी फोन करून ‘कशाला पाहिजे?’ असं विचारलं तर शांतपणे या कलमाचा उल्लेख करा.

तिसरी पायरी: फॉर्म भरणं आणि पैसे

हे काम लवकर उरकतं. नाव अर्जावर आणि ओळखपत्रावर एकसारखं ठेवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि फाइल माहेरच्या नावाने असेल तर दोन्ही नावं मजकुरात लिहा, नाहीतर ‘या नावाची नस्ती आढळली नाही’ असं उत्तर येतं. मोबाइल आणि ईमेल स्वतःचेच द्या, सायबर कॅफेवाल्याचे नकोत, कारण पुढची सगळी पत्रं त्यावरच येणार आहेत. आईवडिलांची पेन्शन किंवा घराची फाइल हवी असेल तर अर्ज त्यांच्याच नावाने करा, टाइप तुम्ही केलं तरी चालतं. तुमच्या नावाने केलात तर तुम्ही ‘त्रयस्थ’ ठरता.

आधार किंवा पॅन कार्ड अर्जासोबत चढवू नका. केंद्राच्या पोर्टलवर तशी सूचनाच आहे, आणि राज्याच्या पोर्टलवरही तेच शहाणपणाचं. स्वतःची फाइल देण्याआधी ओळख पटवून घेणं अधिकाऱ्याचं कामच आहे, पण ती कार्यालयात मूळ कागद दाखवून पटवा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारांना शुल्क माफ आहे, त्याचा दाखला मात्र जोडावा लागतो.

शुल्क दहा रुपये, कार्ड किंवा नेटबँकिंगने भरता येतं. पैसे कापले गेले आणि नोंदणी क्रमांक आलाच नाही, असं अधूनमधून होतं. लगेच पुन्हा भरू नका. केंद्राच्या पोर्टलवर हिशोब जुळला की एक-दोन कामाच्या दिवसांत क्रमांक तयार होतो. क्रमांक आला की त्याचा फोटो काढून ठेवा आणि वहीतही लिहून ठेवा. पुढचं सगळं त्याच क्रमांकावर चालतं.

चौथी पायरी: तीस दिवस

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे गेला असेल तर पाच दिवस जास्त धरा. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत ४८ तासांची आहे, पण तो आधार खऱ्या गरजेलाच घ्या.

मधल्या काळात बऱ्याचदा एक पत्र येतं, इतकी पानं आहेत, इतके रुपये भरा. दर पानाला दोन रुपये. हे पत्र दुर्लक्षून चालत नाही, कारण ते निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत मोजले जात नाहीत. मात्र हेच पत्र मुदत संपल्यावर आलं, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. तेव्हा पत्राची तारीख पाहूनच पैसे भरा.

पाहणीची संधी मिळाली तर ती अजिबात सोडू नका. माझ्या मते स्वतःच्या फाइलच्या बाबतीत पाहणी ही प्रतीपेक्षाही मोलाची आहे. पहिला तास फुकट असतो. फाइल दोन बाजूंची असते, एका बाजूला टिपण्या आणि दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार. बहुतेक लोक आपलाच पत्रव्यवहार वाचत बसतात. तुम्ही आधी टिपण्यांची बाजू उघडा. कारकुनाने प्रस्ताव काय लिहिला, वरच्या साहेबांनी त्यावर काय शेरा दिला, कोणत्या तारखेला फाइल कुणाकडे गेली, हे सगळं तिथे असतं. पानांवर हाताने क्रमांक घातलेले असतात. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर तो टिपून घ्या आणि पाहणीच्या नोंदीत तसं लिहून सही करा. तुम्ही दिलेला वीजबिलाचा किंवा रेशनकार्डाचा कागद फाइलमध्ये आहे का ते नीट पाहा. कागद दिलेला असतो, पोचही हातात असते, पण फाइलला तो लागलेलाच नसतो, आणि अख्खा निर्णय तेवढ्यावर फिरलेला असतो. पाहून झालं की हव्या त्या पानांचे क्रमांक देऊन प्रती मागा. नको असलेल्या शेकडो पानांचे पैसे वाचतात.

नकार आला, किंवा काहीच आलं नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘नस्ती आढळून येत नाही’. फाइल सापडत नाही हे माहिती नाकारायचं कारण म्हणून कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. नकाराची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये आहेत, तेवढीच. अशा वेळी दुसरा अर्ज करा आणि त्यात एवढंच मागा: त्या नस्तीचा अभिलेख वर्ग कोणता, ती नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत, आणि आवक-जावक नोंदवहीतलं तुमच्या अर्जाच्या तारखेचं पान. सरकारी अभिलेखांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायमचा, ड वर्ग अगदी थोड्या काळाचा. वर्ग सांगावा लागला की हरवलेली फाइल पुष्कळदा सापडते. उत्तरपत्रिकांना मात्र हे जपून लागू करा, कारण त्या नियमाने ठरलेल्या मुदतीनंतर खरोखरच नष्ट होतात. म्हणून विद्यार्थ्यांनी निकालानंतर थांबू नये. मुंबई विद्यापीठाची छायांकित प्रतीची स्वतःची सोय आहे, आधी तिची तारीख गाठावी.

तीस दिवसांत उत्तर नाही, अर्धवट आहे किंवा चुकीचं आहे, तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं. त्याच पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकला की अपिलाचा फॉर्म उघडतो. राज्यात अपिलाला २० रुपये शुल्क आहे, केंद्रात काही नाही. अपिलात मुद्देवार लिहा: मागणी क्र. १ ला उत्तर नाही, क्र. ३ ची प्रत अपूर्ण, क्र. २ नाकारताना कलम नमूद नाही. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत द्यायचा असतो. सुनावणीला बोलावलं तर जरूर जा. माझा अनुभव असा, की समोर माणूस बसलेला असला की कागद तिथल्या तिथे निघतात.

तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील. राज्याच्या कार्यालयांसाठी राज्य माहिती आयोग, केंद्राच्या कार्यालयांसाठी केंद्रीय माहिती आयोग. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. पण तिथे तारीख लागायला फार वेळ जातो, हे आधीच धरून चाला. म्हणूनच पहिल्या अपिलात सगळा जोर लावा.

तोवर मूळ निर्णयाची मुदत सांभाळा

माहिती मागितली म्हणून मूळ निर्णयाविरुद्धच्या अपिलाची मुदत थांबत नाही. ‘अपात्र’ ठरवणाऱ्या आदेशात किंवा दावा फेटाळल्याच्या पत्रात अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं ते बहुधा शेवटच्या परिच्छेदात असतं. आरटीआयचे तीस दिवस त्यात धरले जात नाहीत. कागद हातात येईपर्यंत थांबायचं म्हणून बसलात तर कागद मिळेल आणि अपिलाची तारीख निघून गेलेली असेल. म्हणून मूळ अपील वेळेत दाखल करा आणि त्यात एक वाक्य घाला: ‘माझ्या नस्तीच्या साक्षांकित प्रती माहिती अधिकारात मागितल्या आहेत, नोंदणी क्रमांक ……, त्या मिळताच सादर करीन.’ सोबत आरटीआय अर्जाची छापील पोच जोडा.